चीनशेजारी राहायचं तर: मनिलाची वाट की हनोईची?

2020 च्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात आपले 20 जवान गेले, तेव्हापासून एक वाद आपल्याकडे मिटलेला नाही. भारतानं आता सरळ अमेरिकेच्या गोटात जावं, की कुणाच्याच दावणीला न बांधता चीनशी आपलं आपण पाहून घ्यावं? ज्यांना यावर स्वतःचं मत ठरवायचं आहे, त्यांनी आधी दक्षिण चीन समुद्राकडे बघावं. तिथे चीनशी बेटं नि खडकांवरून भांडण असलेले दोन देश या दोन वाटा कित्येक वर्षं चालताहेत: फिलिपिन्स (राजधानी मनिला) अमेरिकेच्या गोटातली, व्हिएतनाम (राजधानी हनोई) कुणाच्याच दावणीला न बांधण्याची. समुद्र तोच, समोरचा प्रतिस्पर्धी तोच, मात्र हिशोब अगदी वेगळे.

आपल्याकडे व्हिएतनाम म्हटलं की शिवरायांच्या गनिमी काव्यावरून अमेरिकेला हरवल्याचा फॉरवर्ड आठवतो. त्याला विश्वासार्ह आधार नाही, आणि व्हिएतनाम समजून घ्यायला त्याची गरजही नाही. त्यांची स्वतःची परंपरा पुरेशी बोलकी आहे. 1427 मध्ये ले लोय या व्हिएतनामी नेत्यानं चीनच्या मिंग राजवटीच्या सैन्याचा पराभव केला, आणि मग हरलेल्या सैनिकांना घरी जायला बोटी, घोडे नि शिधा दिला. पुढे मिंग दरबारात नजराणेही पाठवले. लढायचं ते जीव तोडून, पण शेजाऱ्याला तोंड दाखवायला जागा ठेवायची. आजच्या हनोईचं परराष्ट्र धोरण मला याच घटनेतून सर्वांत नीट कळतं.

या परंपरेला एक जखमही जोडलेली आहे. 1978 च्या नोव्हेंबरात व्हिएतनामनं सोव्हिएत संघाशी मैत्री करार केला. तीन-साडेतीन महिन्यांत, 17 फेब्रुवारी 1979 ला, चिनी फौजा सीमा ओलांडून आत आल्या. तेव्हा आपले परराष्ट्रमंत्री अटलबिहारी वाजपेयी चीनमध्येच होते, दौरा अर्धवट सोडून ते परतले. मॉस्कोनं शस्त्रं दिली, पण लढायला कुणी आलं नाही. 1988 मध्ये दक्षिण चीन समुद्रातल्या स्प्रॅटली बेटांतल्या जॉन्सन साउथ खडकावर चिनी नौदलानं 64 व्हिएतनामी मारले, तेव्हा सोव्हिएत नौदल व्हिएतनामच्याच काम रान्ह बंदरात होतं. तेही हललं नाही.

म्हणून 2019 च्या त्यांच्या संरक्षण श्वेतपत्रिकेत चार नकार आहेत: लष्करी आघाडी नाही, एकाशी हातमिळवणी करून दुसऱ्याविरुद्ध जाणं नाही, परदेशी तळ नाहीत, बळाचा वापर वा धमकी नाही. तेव्हाचे कम्युनिस्ट पक्षप्रमुख गुयेन फू त्रोंग याला बांबूची मुत्सद्देगिरी म्हणत: मुळं घट्ट, फांद्या लवचिक. 2023 च्या सप्टेंबरात बायडेन, डिसेंबरात शी जिनपिंग आणि 2024 च्या जूनमध्ये पुतिन अशी तिघांचीही हनोईत सरबराई झाली. आणि हे चालू असताना व्हिएतनाम स्प्रॅटलीत समुद्रात भराव घालून बेटं वाढवत राहिला. 2021 पासून त्यानं तयार केलेली जमीन चीनच्या भरावाच्या निम्म्याहून पुढे गेली आहे, तरी बीजिंग फिलिपिन्सविरुद्ध करतो तसा गदारोळ त्यानं त्यावर केलेला नाही. हे या वाटेचं सर्वांत मोठं यश.

आता मनिला. 1951 चा अमेरिकेशी परस्पर संरक्षण करार हा फिलिपिन्सचा आधार. पण करार असूनही 2012 मध्ये स्कारबरो शोल हा फिलिपिन्सजवळचा उथळ खडक चीनच्या ताब्यात गेला. अमेरिकेच्या मध्यस्थीनं दोन्ही बाजूंनी मागे हटायचं ठरलं, फिलिपिनो जहाजं हटली, चिनी तिथेच राहिली. त्याच वर्षी चीननं फिलिपिनो केळ्यांच्या तपासण्या कडक केल्या आणि चिनी बंदरांत माल सडला. जळगावच्या वाचकाला याचा अर्थ समजावून सांगायला नको. दक्षिण चीन समुद्रातल्या सशस्त्र हल्ल्याला करार लागू होईल, हे अमेरिकी परराष्ट्रमंत्र्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितलं ते 2019 च्या मार्चमध्ये. तब्बल 68 वर्षांनी.

त्यातही अडचण ‘सशस्त्र हल्ला’ या शब्दांची आहे. स्प्रॅटलीतल्या सेकंड थॉमस शोल या खडकावर फिलिपिन्सनं 1999 मध्ये मुद्दाम रुतवून ठेवलेलं सिएरा माद्रे हे गंजकं जहाज आहे, त्यावर मोजके सैनिक राहतात. त्यांना रसद नेणाऱ्या बोटींवर 17 जून 2024 ला चिनी तटरक्षक सुरे-कुऱ्हाडी घेऊन चालून आले. एका फिलिपिनो नौसैनिकाचा अंगठा तुटला. तरी मनिलानं त्याला सशस्त्र हल्ला म्हटलं नाही. पाण्याचे फवारे, धडका, कुऱ्हाडी हे सारं चीन कराराच्या उंबरठ्याच्या अलीकडे करतो. करार मोठं युद्ध अडवतो, रोजचा छळ अडवत नाही.

दुसरी अडचण घरातली. 12 जुलै 2016 ला फिलिपिन्सच्या तक्रारीवर हेगच्या लवादानं निकाल दिला: नकाशावर नऊ तुटक रेषा ओढून बहुतेक दक्षिण चीन समुद्रावर चीन सांगतो त्या दाव्याला कायदेशीर आधार नाही. लहान देशाचा एवढा मोठा विजय! पण बारा दिवसांपूर्वीच दुतेर्ते राष्ट्राध्यक्ष झाले होते. त्यांनी निकाल बाजूला ठेवला आणि ऑक्टोबरात बीजिंगमध्ये जाऊन अमेरिकेपासून फारकत जाहीर केली. 2022 मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेले मार्कोस पुन्हा उलटे फिरले, आणि अमेरिकी सैन्याला खुले असलेले तळ 2023 मध्ये पाचाचे नऊ झाले. त्यांतले काही लुझोनच्या उत्तरेला, तैवानच्या समोर आहेत. म्हणजे उद्या तैवानवरून भडका उडाला तर फिलिपिन्सला बाजूला उभं राहणं कठीण जाईल. ही किंमत माझ्या मते सर्वांत जड आहे.

तरीही मनिलाच्या वाटेत एक गोष्ट अशी आहे जिच्यासाठी मी तिला कमी लेखणार नाही. 2023 पासून तिथलं तटरक्षक दल पत्रकारांना बोटींवर नेतं, प्रत्येक धडकेची चित्रफीत जगापुढे ठेवतं. आपल्या मच्छिमारांचं काय होतंय हे तिथल्या नागरिकाला कळतं. व्हिएतनाममध्ये माहितीची ही दारं सरकार हवी तेव्हा उघडतं, हवी तेव्हा लावतं. 2024 च्या सप्टेंबरअखेरीस पॅरासेल बेटांजवळ दहा व्हिएतनामी मच्छिमारांना चिनी जहाजांवरून आलेल्यांनी लोखंडी कांबींनी मारहाण केली, काहींची हाडं मोडली. सरकारनं निषेध केला, पण त्यावरून रस्त्यावर उतरायला तिथे वाव नाही. पालघर-डहाणूच्या ज्या घरांतले लोक कराचीच्या तुरुंगात अडकले, त्यांना विचारा: सरकारनं आपल्याबद्दल बोलणं किती मोलाचं असतं.

पैशांचा हिशोब थोडक्यात. करारबद्ध मित्राला बाजारात सवलत मिळते, असं कुणी सांगत असेल तर 2025 च्या जुलैत जाहीर झालेलं अमेरिकी आयातशुल्क पाहा: फिलिपिन्सवर 19 टक्के, व्हिएतनामवर 20. दुसरीकडे चीनला न दुखवण्याची किंमत व्हिएतनामनंही मोजली आहे. 2017 आणि 2018 मध्ये स्पेनच्या रेप्सोल कंपनीचं तेल-उत्खनन चिनी दबावामुळे त्यांना थांबवावं लागलं.

मग भारतासाठी काय घ्यायचं? चीनशी आपली 3,488 किलोमीटरची जमिनीवरची सीमा आहे, व्हिएतनामची सुमारे 1,300. फिलिपिन्सला मध्ये समुद्र आहे. जमिनीवरून सैन्य येऊ शकतं तिथे दूरच्या मित्राची आरमारं उशिरा पोचतात, हे 1979 नं दाखवलं. म्हणून लष्करी करारांबाबत मी हनोईच्या बाजूनं आहे. पण व्हिएतनामची शांतता एकपक्षी सत्तेवर उभी आहे, आणि तिथल्या आणि चीनच्या कम्युनिस्ट पक्षांमधला फोन सरकारांमधला फोन बंद पडला तरी चालू असतो. आपल्याकडे ती सोय नाही, आणि नसलेलीच बरी. सीमेवर काय घडलं हे लोकांना वेळेवर सांगण्यात आपण मनिलाकडून शिकायला हवं. दिल्लीनं दोघांनाही जवळ केलं आहे: फिलिपिन्सला 37.5 कोटी डॉलरची ब्रह्मोस क्षेपणास्त्रं विकली, ती 2024 च्या एप्रिलमध्ये पोचायला लागली, आणि व्हिएतनामला 2023 मध्ये आयएनएस कृपाण ही सेवेत असलेली युद्धनौका भेट दिली.

ज्यांचं मत अजून बनलेलं नाही त्यांनी मे 2028 कडे लक्ष ठेवावं. तेव्हा फिलिपिन्स नवा राष्ट्राध्यक्ष निवडेल. मार्कोसना पुन्हा उभं राहता येत नाही. नव्या माणसानं नऊ तळ तसेच ठेवले, तर मनिलाची वाट एका माणसापेक्षा मोठी ठरेल. त्यानं 2016 सारखी पाठ फिरवली, तर तिथे काय बांधलं गेलं होतं, हेही कळेल.