तेरा-चौदाच्या मुलाला कुठल्या खेळाला घालावं?

या वयाच्या मुलाला विचारलं तर तो बहुधा क्रिकेटच म्हणेल. तरी पैसे भरण्याआधी एक बघा: चुकल्यावर त्याला पुन्हा खेळायला कधी मिळतं? पोरगं मैदानावर टिकणार की महिनाभरात पुन्हा मोबाइल घेऊन बसणार, ते माझ्या मते यावरच ठरतं.

क्रिकेट इथेच मार खातं. पहिल्या चेंडूवर त्रिफळा उडाला की बॅटिंग संपली. नेटमध्येही दहा-बारा चेंडूंसाठी रांग, आणि रांगेत पुढे कोण, तर आधीपासून बरं खेळणारे. शिवाय सीझन बॉल, म्हणजे चामड्याचा कडक चेंडू, आला की पॅड, ग्लोव्हज, हेल्मेट, बॅट. खर्च हजारांत जातो. मुंबईत सोळा वर्षांखालच्यांची हॅरिस शिल्ड आहे, 1988 मध्ये तेंडुलकर-कांबळींची 664 धावांची भागीदारी झाली ती याच स्पर्धेत. पण शाळेच्या संघात जागा अकरा, आणि इच्छुक किती ते तुम्हीच मोजा. मुलगा आधीच चांगला खेळत असेल तर जरूर घाला. नवखा असेल तर सोसायटीतलं टेनिस बॉल क्रिकेट पुरे.

कबड्डीत बाद झालेला गडी बाहेर बसतो खरा, पण आपल्या चढाईपटूने समोरचा एक टिपला किंवा पकड यशस्वी झाली की परत आत येतो. चढाई तीस सेकंदांची, त्यामुळे रेंगाळायला वावच नाही. 2014 मध्ये प्रो कबड्डी सुरू झाली आणि शहरी मुलांनाही यात रुबाब दिसू लागला. किशोर आणि कुमार गटांत वजनाची मर्यादा असते, म्हणून अंगाने लहान पोरगा थेट आडदांडांच्या तावडीत सापडत नाही. गुडघा, घोटा, खांदा मात्र दुखावतात. मॅट आहे की नुसतीच कडक जमीन, हे आधी बघून या.

किडकिडीत, चपळ आणि धक्काबुक्कीला बिचकणारा असेल तर खो-खो. पाठलाग, हुलकावणी, खांबाजवळची झेप. दमछाक कबड्डीइतकीच, अंगाला अंग भिडणं कमी, खर्च जवळपास नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचेच. तरी पालक याला अजून शाळेच्या तासातला खेळच समजतात, याचं मला नवल वाटतं.

फुटबॉलमध्ये पास चुकला तरी पुढच्या क्षणी पुन्हा पळायचं असतं, म्हणून लाजऱ्या मुलालाही तो मानवतो. अडचण मैदानाची. कोल्हापुरात प्रश्नच नाही. तिथे तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा अख्ख्या पेठा लोटतात, आणि 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. इतर शहरांत कृत्रिम गवताचं टर्फ तासाच्या भाड्यावर मिळतं, म्हणजे पुन्हा खिशाचा प्रश्न.

आमच्या घरचा प्रश्न असता तर मी आधी खो-खो किंवा कबड्डीला पाठवलं असतं, त्यातही घरापासून सायकलने जाता येईल त्या मैदानावर. दहावीच्या सवलतीच्या गुणांचा हिशेब मनात असेल तर कोणत्या स्पर्धा त्यासाठी धरतात, ते शाळेच्या क्रीडाशिक्षकांना आत्ताच विचारून ठेवा.