लालबागमधलं पुनर्विकासाचं घर: वर्षभर राहून झाल्यावर

आमच्या भागातल्या बऱ्याच चाळी सध्या पुनर्विकासाच्या करारावर सह्या करण्याच्या टप्प्यावर आहेत, आणि ‘तुमचं झालंय ना, कसं वाटतं?’ असं रोज कोणी ना कोणी विचारतं. म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. घर चांगलं आहे. परत चाळीत राहायला जाल का, तर नाही. चाळीबद्दल गहिवरून बोलणाऱ्या बहुतेकांनी पहाटे बालदी घेऊन संडासाची रांग धरलेली नसते. आणि बाईमाणसाने रात्री पाणी न पिता झोपायचं म्हणजे काय, हे तर त्यांच्या गावीही नसतं. घरात संडास-बाथरूम आलं, या एका गोष्टीसाठी मी या घराला पैकीच्या पैकी मार्क द्यायला तयार आहे.

आमची चाळ ‘अ’ वर्गातली उपकरप्राप्त इमारत (दुरुस्तीसाठी जिच्यावर जादा कर बसतो अशी), म्हणजे १९४० पूर्वीची. अशा इमारतींसाठीच्या ३३(७) या नियमाखाली पुनर्विकास झाला. या नियमात भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट चटईक्षेत्र मिळतं, आणि त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे जादा मिळणारं क्षेत्र, धरलं की ४०५. एक खोली, मोरी आणि पोटमाळा यांत तीन पिढ्या काढल्यावर ४०५ फूट म्हणजे चैनच. पहिले काही दिवस आमच्याकडे सगळे एकमेकांना शोधत होते.

चाळ तशी का होती, हे नव्या पिढीला सांगावं लागतं. गिरण्यांत भरती झाली ती कोकणातून आणि घाटावरून आलेल्या पुरुषांची. बायकामुलं गावी. एका गाळ्यात पंधरा-वीस जण, दिवसपाळीवाला उठला की त्याच वळकटीवर रात्रपाळीवाला आडवा. त्यांना जेवू घालायला खानावळी चालवल्या त्या बायकांनी. प्रेमाताई पुरवांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्यांसाठी, सावकाराच्या व्याजातून सुटून बँकेचं कर्ज मिळावं म्हणून. माझे सासरे साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि आमच्या मजल्यावरच्या कित्येकांना परत गिरणीचं दार दिसलं नाही. त्या काळात आमचं घर चाललं ते सासूबाईंच्या डब्यांवर.

दुसरीकडे १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवलेली. एवढ्याशा भाड्यात मालक डागडुजी कशाला करेल? मग १९६९ चा कायदा आला, दुरुस्ती मंडळ आलं, उपकर आला, आणि पाठोपाठ टेकू आले. आमच्या जिन्याला लावलेला लाकडी टेकू लोक भिंतीसारखाच धरून चढायचे. ही चाळ आज ना उद्या पडणारच होती. त्यामुळे ‘चाळ वाचवायला हवी होती’ हा सूर मला पटत नाही.

मात्र कराराच्या कागदावर एक गोष्ट कुठेच नसते, ती म्हणजे गॅलरी. ती गेल्यावर कळतं की ती नुसती ये-जा करायची जागा नव्हती. सासूबाई चाळीत दाराशी पाट टाकून बसायच्या. समोरून जाणारा प्रत्येकजण, इच्छा असो नसो, दोन शब्द बोलून जायचा. कोणाचं पोर शाळेतून आलं, कोणाला ताप आहे, कोणाकडे पाहुणे आले, सगळं बसल्या जागी कळायचं. दुपारी त्या एकट्या असायच्या, पण त्यांच्याकडे लक्ष ठेवायला कोणाला सांगावं लागलं नाही. आता मजल्यावर चार दारं, चारही बंद, आणि बाहेर एक ट्यूबलाइट. शेजारच्या काकी एका दुपारी स्वयंपाकघरात घसरल्या, ते संध्याकाळी मुलगा कामावरून आला तेव्हा कळलं. चाळीत भांडं पडल्याच्या आवाजाला दोघी-तिघी धावत आल्या असत्या. कोणी वाईट झालेलं नाही, माणसं तीच आहेत. फक्त आता आवाजच पोचत नाही. त्यानंतर आम्ही मजल्यावरच्या बायकांनी किल्ल्या एकमेकींकडे ठेवल्या, आणि सकाळी अकराला एकमेकींची बेल वाजवायचं ठरवलं. जे आपोआप व्हायचं ते आता ठरवून करावं लागतं. या घराबद्दलचं माझं मुख्य म्हणणं एवढंच आहे.

लिफ्टबद्दल वेगळं सांगते. दोन लिफ्ट, दोन्ही लहान. पंधराव्या मजल्यावरचे एक आजोबा गेले तेव्हा स्ट्रेचर लिफ्टमध्ये आडवा मावेना. शेवटी खुर्चीवर बसवून, चादरीने बांधून खाली आणलं. बघवत नव्हतं. नकाशा दाखवतात तेव्हा सगळे हॉल किती मोठा ते बघतात, मीही तेच बघितलं होतं. लिफ्ट आतून किती खोल आहे, हे कोणीच विचारत नाही.

गच्चीचंही तसंच. मे महिन्यात चाळीच्या गच्चीवर मिरच्या वाळत पडायच्या. बाजार हाकेच्या अंतरावर, तिथून मिरची-धणे आणायचे, दोन दिवस ऊन दाखवायचं आणि डंकावर नेऊन कुटायचं. टॉवरच्या गच्चीला कुलूप आहे, आणि लॉबीत काही वाळत घालायचं नाही असा सोसायटीचा ठराव आहे. यंदा मिरच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये सुपावर वाळवल्या. मसाला झाला, पण रंग नेहमीसारखा उतरला नाही. सासूबाईंनी तो अजून ‘विकतचा’ म्हणूनच वाढला.

आवारात दोन गेट आहेत. विकासकाने विकायला बांधलेल्या सेल टॉवरचं वेगळं, आमचं मागच्या गल्लीत. पोडियमवरची, म्हणजे उंचावल्या गच्चीवरची बाग त्यांची. आमची पोरं खेळतात पार्किंगमध्ये, गाड्यांमधून. गिरण्यांच्या जमिनी विकायला निघाल्या तेव्हा १९९१ च्या नियमात तीन वाटे होते: एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला, वाटणी फक्त बांधकाम नसलेल्या जमिनीपुरती उरली, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो बदल कायम ठेवला. मोकळ्या जागेचा तो एक तृतीयांश वाटा पूर्ण मिळाला असता तर पोरांना पार्किंगमध्ये खेळावं लागलं नसतं, असं मला राहून राहून वाटतं.

गणपती मात्र टिकलाय. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा, गणेश गल्ली १९२८, लालबागचा राजा १९३४. या सगळ्यांमागे चाळी आणि बाजारच होते, त्यामुळे विभागाचा सण म्हणून काही कमी झालेलं नाही. आमच्या चाळीच्या छोट्या गणपतीचं विचाराल, तर तो आता स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधल्या मोकळ्या जागेत बसतो. पहिल्या वर्षी वर्गणी मागायला वर येऊ का, असं इंटरकॉमवर विचारावं लागलं. आरतीला गर्दी कमी, पण नाचायला जागा जास्त. सेल टॉवरमधली दोन कुटुंबंही प्रसादाला आली, त्यांची मुलं आता आमच्या पोरांबरोबर क्रिकेट खेळतात. हे होईल असं मला वाटलं नव्हतं.

पैशाचं. चाळीचं भाडं महिन्याला चहापाण्याइतकं होतं. इथे लिफ्ट, पंप, वॉचमन आणि झाडलोट धरून मेंटेनन्स येतो, आणि निवृत्त माणसांना तो जाणवतो. मुंबईत ५०० फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे, एवढा दिलासा. चाळ पाडल्यापासून नवं घर मिळेपर्यंत बाहेर राहायचं, त्या मधल्या काळातलं भाडं आमच्या विकासकाने कित्येक महिने थकवलं होतं, त्यामुळे दोन बिऱ्हाडांनी चावी मिळायच्या आधीच हक्क विकून बदलापूरला घर घेतलं.

सह्या करायच्या आधी एवढं लिहून घ्या: कॉर्पस, म्हणजे पुढच्या खर्चासाठी विकासकाने द्यायचा निधी, किती, आणि तो सोसायटीच्या खात्यात कधी येणार. मधल्या काळाच्या भाड्याला बँक गॅरंटी. एक तरी स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट. गच्चीची चावी सोसायटीकडे. आणि तळमजल्यावर सोसायटीची एक खोली, पत्र्याची नको, खिडकी असलेली. आमच्याकडे ती मीटररूमशेजारी आहे, उजेड नाही, त्यामुळे तिथे कोणी बसत नाही.