डाव्या कानाचं मशीन: 9 महिन्यांच्या वापरानंतर

डिसेंबरात एका सकाळी उठले तर डावा कान बंद. फोन त्या कानाला लावला, पलीकडे कुणी बोलतच नाही असं वाटलं; उजव्या कानाला लावल्यावर बहिणीचा आवाज स्वच्छ आला. शिवाय कानात कुकरची शिट्टी लांबून ऐकू यावी तसा बारीक, सतत आवाज. जवळच्या डॉक्टरांनी सर्दीने कान भरला म्हणून थेंब दिले आणि आठवडाभर थांबायला सांगितलं. मी थांबले. 9 दिवस गेले. ऐकण्याच्या मशीनबद्दल लिहायच्या आधी हे सांगतेय, कारण ते 9 दिवस मला अजून टोचतात.

दहाव्या दिवशी नागपुरातच रामदासपेठेत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेले. त्यांनी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजवला की घुमणारा धातूचा दुपाखी काटा, वाजवून त्याचा दांडा माझ्या कपाळाच्या मधोमध टेकवला. ‘‘ताई, आवाज कुठं येऊन राहिला?’’ मी म्हटलं, उजवीकडे. मळाने किंवा सर्दीने कान बंद असता तर आवाज त्या बंद कानातच मोठा आला असता. चांगल्या कानाकडे गेला, म्हणजे बिघाड आतल्या कानात, कॉक्लियात (आवाज टिपणाऱ्या शंखासारख्या भागात) किंवा नसेत. घरी ओठ मिटून नुसतं ‘म्म्म’ केलं तरी याचा अंदाज येतो, हे त्यांनीच सांगितलं. मला ते आधी माहीत असतं तर!

त्याच दिवशी ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं याची तपासणी, झाली. 72 तासांच्या आत, लागोपाठच्या तीन फ्रिक्वेन्सींवर (आवाजाच्या पट्ट्यांवर) ऐकण्यात 30 डेसिबल किंवा जास्त घट झाली तर त्याला अचानक आलेला बहिरेपणा म्हणतात. माझी 70 पर्यंत गेली होती. स्टिरॉइडच्या गोळ्यांचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त होतो, म्हणून लगेच सुरू केल्या. त्यांनी रक्तातली साखर वाढू शकते, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावं लागलं. नंतर पडद्यातून कानात चार इंजेक्शनं. नसेवर गाठ नाही ना, हे बघायला एमआरआय केला, तो स्वच्छ आला. कारण सापडलं नाही. बहुतेकांचं सापडत नाही. घट 70 वरून 50 डेसिबलवर आली, म्हणजे ऐकणं थोडं सुधारलं, आणि तिथंच थांबलं. कॉक्लियातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत, त्यामुळे पुढे मशीन.

मी गणिताची शिक्षिका. मार्चमध्ये कानामागे बसणारं, बारीक वायरचं मशीन घेतलं. पहिले पंधरा दिवस नको वाटलं: वर्तमानपत्र दुमडलं तरी कानात चरचर, स्वतःचा आवाज परका. ऑडिओलॉजिस्टने (ऐकणं तपासून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाने) मुद्दाम आवाज कमी ठेवला होता आणि तीन भेटींत वाढवत नेला. दुसऱ्या भेटीत कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोचतो ते मोजलं, आणि फरक तिथून पडला. ही मोजणी न करता कुणी मशीन हातात देत असेल तर आग्रहाने करून घ्या. मे महिन्यात उन्हाळी वर्गात डाव्या रांगेतून एक मुलगी हळूच म्हणाली, ‘‘मॅडम, तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलं.’’ मान न वळवता मला ते समजलं. फळ्याकडे तोंड करून क्षणभर तशीच उभी राहिले, डोळे भरून आले होते.

पण उन्हाळ्याने परीक्षा घेतली. आपल्याकडे 45 डिग्रीत कूलरशिवाय राहता येत नाही, आणि कूलरचा घरघराट मशीन आधी उचलतं, माणसाचं बोलणं नंतर. आता कूलरकडे पाठ करून बसते, मग मशीनचा समोरचा माइक बोलणाऱ्याला पकडतो. घामाने दोनदा फिल्टर बंद पडला. रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवायला लागल्यापासून तक्रार नाही. बॅटरी 312 नंबरची, सहा-सात दिवस चालते. स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू दिली तर नीट चालते, कारण ती हवेवरच चालते. ही लहानशी गोष्ट दुकानात कुणी सांगितली नाही.

जे जमलं नाही तेही सांगते. आवाज कुठल्या दिशेने आला हे अजून कळत नाही, त्यामुळे बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत रस्ता ओलांडताना दोन्हीकडे नीट बघूनच पाऊल टाकते. तान्ह्या पोळ्याला मारबतीची, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची, गोंगाटाची मिरवणूक घराजवळून गेली तेव्हा मशीन काढून खिशात ठेवलं. कानातली शिट्टी पूर्ण गेली नाही, पण मशीन लावलं की मागे पडते. रात्री काढलं की परत येते, तेव्हा पंखा चालू ठेवते.

घेणार असाल तर आठवडाभर ट्रायल मागा, आणि ती शांत खोलीत नको. कूलर चालू असताना घरात, आणि संध्याकाळी बाजारात लावून बघा.