फायटोफ्थोराची झटपट पट्टी: सेंद्रिय खताच्या गोणीवर ती कितपत चालते?

मिरीची जलद मर, सुपारीचा कोळेरोग, नारळाचा कोंब कुजणे ही तिन्ही दुखणी फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होतात, फक्त प्रजाती वेगवेगळ्या. ती ओळखायला दोन रेघांची चाचणी-पट्टी मिळते. रोगट भाग सोबतच्या द्रावणात चेचायचा, पट्टी बुडवायची, काही मिनिटांत निकाल. काळवंडलेल्या मिरीच्या पानावर किंवा कुजक्या मुळावर ती चोख काम करते. पण श्रीवर्धनपासून वेंगुर्ल्यापर्यंत बागायतदारांचा खरा प्रश्न वेगळा असतो: विकत घेतलेल्या गांडूळखतातून किंवा कंपोस्टमधून हा रोग वाडीत येतोय का?

तिथे पट्टी थेट वापरली तर पैसे वाया. खताचा तपकिरी गढूळपणा पट्टीवर चढतो, बारीक कणांनी ती तुंबते आणि फिकी रेघ दिसेनाशी होते. शिवाय गोणीत रोगकारक असलाच, तर इतका विरळ असतो की पट्टीला तो जाणवत नाही. यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे: आधी आमिष लावायचे, मग पट्टी.

फायटोफ्थोरा ही खरी बुरशी नव्हे. तिचे बीजाणू दोन शेपट्यांच्या बळावर पाण्यात पोहत कोवळ्या, कापलेल्या पानाकडे जातात. आमिषाची सगळी युक्ती या सवयीवर उभी आहे. गोणीतून आठ-दहा ठिकाणचे खत घ्या, तळाचा ओलसर कोपरा सोडू नका. सगळे एकत्र करून त्यातले 50 ग्रॅम पसरट भांड्यात घ्या. खत कोरडे असेल तर दोन-तीन दिवस नुसते ओलसर ठेवा. सुप्त बीजाणू जागे व्हायला वेळ लागतो आणि मे महिन्यातल्या वाळक्या गोणीवर घाईने केलेली चाचणी म्हणूनच फसते. मग उकळून पूर्ण थंड केलेले पाणी खतावर दोन-तीन सेंटिमीटर चढेल इतके ओता. नळाचे क्लोरीन बीजाणू मारते. तांब्याच्या हंड्यातले पाणी तर मुळीच नको, बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणात तांबे जे काम करते तेच इथेही करेल. विहिरीचे पाणी न उकळता घेतले तर रोग खतातला की विहिरीतला, हे कळणार नाही.

वर तरंगणारा कचरा काढा आणि मिरीच्या निरोगी, फवारणी न झालेल्या पानांच्या धुतलेल्या चकत्या पाण्यावर सोडा. भांडे पडवीत, उन्हापासून दूर ठेवा, ढवळू नका. एका खताची तीन भांडी करा आणि चौथ्यात नुसते पाणी व चकत्या ठेवा. चौथ्यातही डाग आले, तर पानेच रोगट होती असे समजून पुन्हा सुरुवात करा.

दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत कापलेल्या कडेपासून आत सरकत जाणारा, पाणी भरल्यासारखा काळपट डाग दिसला, की पट्टी काढायची वेळ झाली. सगळ्या चकत्यांच्या कडा पहिल्याच दिवशी एकसारख्या करपल्या असतील तर संशय क्षारांवर किंवा अमोनियावर घ्या. ताज्या कोंबडखतात असे हमखास होते. डागाच्या कडेचा छोटा तुकडा द्रावणात चेचा. जास्त पान घातले म्हणून निकाल जास्त खरा होत नाही, उलट पट्टी तुंबते. नियंत्रण रेघ (पट्टी नीट चालली हे सांगणारी) उमटली नाही तर ती चाचणी बाद. माहितीपत्रकातल्या वेळेनंतर उमटलेली रेघ धरू नका.

पट्टीच्या मर्यादाही मोठ्या आहेत. ती प्रजाती सांगत नाही आणि पिथियम या जवळच्या रोगकारकाच्या काही प्रजातींनाही होकार देते. रोपवाटिकेत हा फरक महत्त्वाचा असतो, तिथे प्रयोगशाळेत रोगकारक वाढवून पाहणे किंवा पीसीआर (डीएनएवरून ओळखणारी चाचणी) हवेच. मेटालॅक्सिल हे बुरशीनाशक पडलेल्या मातीत रोगकारक दबून राहतो, त्यामुळे आमिष स्वच्छ दिसू शकते. आणि 50 ग्रॅममधला नकार म्हणजे अख्ख्या गोणीची हमी नव्हे. कोकणातल्या दमट हवेत पट्टीचे उघडे राहिलेले पाकीट खराब होते, म्हणून वापरायच्या क्षणीच ते फोडा आणि मागवताना मुदत पाहा.

पाटाचे किंवा वहाळाचे पाणी तपासायचे तर भांडी नकोत. पाने जाळीच्या पिशवीत घालून प्रवाहात बांधा आणि चार-पाच दिवसांनी डाग बघा. वरच्या वाडीत मर असेल तर हीच तपासणी खतापेक्षा आधी करावी, असे आमचे मत आहे.

एकदोन गोणी घेणाऱ्याने पट्टी विकत घेऊ नये, आमिषाची भांडी पुरेत. मोठा साठा घेणाऱ्याने किंवा रोपे विकणाऱ्याने ती जरूर ठेवावी. गांडूळखतावर विशेष लक्ष द्या: तो ढीग तापतच नाही, त्यामुळे कच्च्या मालात रोगट वेल किंवा सुपाऱ्या गेल्या असतील तर रोगकारक उष्णतेने मरत नाही. होकार आलेले खत आळ्यात टाकू नका. ते ताज्या शेणात आणि हिरव्या पाल्यात मिसळून पुन्हा ढीग लावा. आत 55 अंश तापमान सलग तीन दिवस टिकले पाहिजे आणि थंड राहिलेली कड वरखाली करून पुन्हा तितकेच तापले पाहिजे. चाचणीचे पाणी उकळूनच फेका.