पॉलीव्हर्लचं पुढं काय करायचं: पॉलीरॅथ की पॉलीटोड?

पोटावर भोवरा असलेला निळा बेडूकमासा म्हणजे पॉलीवॅग, हे इथं वाचणाऱ्याला सांगायची गरज नाही. पंचवीस कँडी (पोकेमॉन वाढवायचा खाऊ) घालून त्याचा पॉलीव्हर्ल, म्हणजे पुढचं रूप, झाला, आणखी शंभर जमल्या, आणि आता गाडी अडलीय, कारण पुढची रूपं दोन: पॉलीरॅथ करू की पॉलीटोड? 'पोकेमॉन गो' खेळणाऱ्या सातारा-सांगलीकडच्या मंडळींचा हा प्रश्न नेहमीचा आहे. मी दोन्ही करून वापरलेत. ज्याची त्याची आवड असं म्हणून सुटता येईल, पण शंभर कँडी परत मिळत नाहीत, म्हणून जरा खोलात जाऊ.

कँडीचा खर्च दोघांना सारखाच, शंभर. पॉलीटोडला वरून किंग्ज रॉक नावाचा एक दगड लागतो आणि इव्हॉल्व्ह केलं, म्हणजे रूप बदललं, की तो बॅगेतून जातो. बरेच जण इथंच हात टेकतात आणि नाइलाजानं पॉलीरॅथ करून मोकळे होतात. हे कारण मला पुरेसं वाटत नाही, पण अडचण खरी आहे, म्हणून आधी तीच बघू.

किंग्ज रॉक स्टॉप (नकाशावरची वस्तू देणारी खूण) फिरवताना एरवी क्वचितच पडतो. भरवशाचा रस्ता म्हणजे सलग सात दिवस, रोज निदान एक स्टॉप फिरवणं. सातव्या दिवशी इव्हॉल्यूशनची एक वस्तू मिळते, पण सन स्टोन, मेटल कोट, ड्रॅगन स्केल, अपग्रेड आणि किंग्ज रॉक यातली कुठली ते नशिबावर. एक दिवस चुकला की मोजणी पहिल्यापासून. आपल्याकडं स्टॉप म्हणजे बहुतेक देऊळ, पुतळा, बाग किंवा घाट. जुन्या पेठेत ते दाट, नव्या कॉलनीत तुरळक, आणि माण, आटपाडी किंवा जतकडच्या वाडीवर गेलात तर कैक किलोमीटर एकही नाही. यात्रेला, सुगीला, लग्नाला गावी गेलं की साखळी तुटते ती अशी. उपाय साधा आहे. दिवस रात्री बाराला बदलतो, त्यामुळं निघायच्या सकाळी एक स्टॉप फिरवायचा आणि दुसऱ्या दिवशी रात्री परतताना तालुक्याच्या गावात बारा वाजायच्या आत दुसरा. दोन दिवस सांभाळले गेले. एसटी पळत असताना स्टॉप फिरत नाही, 'नंतर प्रयत्न करा' असं येतं. कराड किंवा इस्लामपूरच्या स्टँडवर गाडी थांबली की मात्र फिरतो, आणि स्टॉप साधारण ८० मीटरच्या आत असेल तर खाली उतरायचीही गरज नाही. तीन-चार आठवडे सन स्टोनच हातात पडला असं होऊ शकतं, आणि ते चिडचिडीचंच आहे. पण ही चिडचीड एकदाच होते, हे लक्षात ठेवा. एक सूचना: तुमच्याकडं चांगला स्लोपोक असेल तर स्लोकिंगलाही हाच दगड लागतो, तेव्हा तो कुणाला द्यायचा ते आधी ठरवा.

आता कुठला पॉलीवॅग निवडायचा. १५०० सीपीच्या (सीपी म्हणजे एकूण ताकदीचा आकडा) ग्रेट लीगमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या आपसातल्या लढतीत, अटॅकचा आयव्ही (जन्मजात गुण, ० ते १५) कमी आणि डिफेन्स व एचपीचे (जीव) जास्त असलेला टिकतो, कारण सीपीच्या हिशेबात अटॅकचं वजन सगळ्यात जास्त. अटॅक खाली ठेवला की त्याच १५०० मध्ये जास्त लेव्हल बसते. इथं आपला पावसाळा आडवा येतो. पाऊस असला की पाण्याच्या पोकेमॉनला बूस्ट मिळतो, जंगली पॉलीवॅग ३५ लेव्हलपर्यंत येतो आणि त्याचा कुठलाही आयव्ही ४ च्या खाली नसतो. रेडसाठी (अनेकांनी मिळून एका बॉसशी लढायचं) ही चांगली गोष्ट, ग्रेट लीगसाठी उलटी. जून ते सप्टेंबर साताऱ्याच्या पश्चिमेला रोजच पाऊस, मग अटॅक शून्य किंवा एक असलेला पॉलीवॅग मिळणार कुठून? एक तर उघडिपीच्या दिवशी धरा. खेळातलं हवामान तासातासाला बदलतं आणि बाहेरच्या आभाळाशी नेहमी जुळतंच असं नाही, म्हणून वरचं चिन्ह बघूनच बॉल टाका. नाहीतर मित्राशी ट्रेड, म्हणजे पोकेमॉनची अदलाबदल, करा. ट्रेडमध्ये आयव्ही नव्यानं ठरतात. मैत्री नुसती 'गुड' असेल तर तळ १ चा असतो, 'बेस्ट' असेल तर ५ चा. म्हणजे जिवलग मित्रापेक्षा नव्यानं जोडलेला मित्र या कामाला बरा. दोघं शंभर मीटरच्या आत असायला हवेत. मूळ खेळात पॉलीटोडसाठी ट्रेड लागतोच, गो मध्ये लागत नाही; इथला ट्रेड फक्त आयव्हीसाठी.

सीपीचा अंदाज: पॉलीवॅग इव्हॉल्व्ह होत शेवटाला गेला की सीपी साधारण तिप्पट होतो, पॉलीरॅथचा थोडा अधिक. अप्रेझलमध्ये (आयव्ही दाखवणाऱ्या पडद्यावर) डिफेन्स आणि एचपीच्या पट्ट्या भरलेल्या असतील तर पॉलीवॅग ४५० च्या आत ठेवा, म्हणजे दोन्हीपैकी काहीही केलं तरी १५०० ओलांडायचं नाही. पाचशेच्या पुढचा घेऊन नंतर कपाळाला हात लावणारे पुष्कळ.

लढाईत दोघांचा स्वभाव पार वेगळा आहे. एचपी सारखं, फास्ट अटॅकला (सतत मारायचा, ऊर्जा साठवणारा) दोघांकडं मड शॉट, पण पॉलीरॅथ पाणी आणि फायटिंग, पॉलीटोड निव्वळ पाणी. कागदावर पॉलीरॅथच सरस दिसतो. आग, पाणी, बर्फ, स्टील, बग, रॉक आणि डार्क अशा सात प्रकारांचे हल्ले तो कमी खातो, पॉलीटोड फक्त पहिल्या चारांचे. आयसी विंड (बर्फाचा चार्ज अटॅक, म्हणजे साठवलेल्या ऊर्जेवर मारायचा) बसली की समोरच्याचा अटॅक एका पायरीनं उतरतो, म्हणजे ०.८ पटीवर येतो, आणि पॉलीरॅथ त्याच्यासमोर ठाण मांडून बसतो. लिकिटंग, रेजिस्टील, अंब्रियन यांना त्याचा फायटिंगचा डायनॅमिक पंच १.६ पट बसतो. फक्त समोरच्यानं पोकेमॉन बदलला की आयसी विंडचा परिणाम पुसला जातो, तेव्हा त्याला लगेच पोकेमॉन बदलता येत नसताना ती मारा.

मग कुरबूर कशाची? अझुमारिलची.

ग्रेट लीग खेळणाऱ्याला अझुमारिल टाळता येत नाही. सीझन बदलतात, हल्ल्यांचे आकडे वरखाली होतात, तो निळा फुगा कुठून तरी समोर येतोच. तो पाणी आणि फेअरी आहे. पॉलीरॅथच्या चार्ज अटॅकचे तिन्ही प्रकार बघा: फायटिंग, बर्फ, पाणी. अझुमारिल तिन्ही रेझिस्ट करतो, प्रत्येक हल्ला ०.६२५ पट होऊनच लागतो. डायनॅमिक पंच असो, आयसी विंड असो, स्काल्ड असो, पट्टी जेमतेम हलते. उरतो मड शॉट. तो साधा लागतो, पण ऊर्जा साठवायला आहे, मारायला नाही. उलट त्याचा फेअरी प्रकारचा प्ले रफ पॉलीरॅथला १.६ पट बसतो. शील्ड (चार्ज अटॅक अडवणारी ढाल) असली तर लढाई लांबते, नसली तर संपते. यावर उपाय म्हणून मड शॉटऐवजी काउंटर हा फास्ट अटॅक मिळवावा म्हटलं तर तोही फायटिंगच. जुलै २०२३ च्या कम्युनिटी डेला (एका पोकेमॉनचा खास दिवस) पॉलीरॅथला काउंटर आणि पॉलीटोडला आइस बीम मिळाला होता. आता त्यासाठी एलिट टीएम (हवा तो अटॅक शिकवणारी दुर्मिळ वस्तू) लागते. अझुमारिलपुरतं बोलायचं तर काउंटरनं गोष्ट आणखी बिघडते, कारण मड शॉटचा तो साधा मारही हातचा जातो.

पॉलीटोडसमोर हाच अझुमारिल आला की चित्र बदलतं. त्याचा बबल पॉलीटोड कमी खातो, आइस बीमही कमी, आणि प्ले रफ साधा लागतो. पॉलीटोडकडं अर्थक्वेक (जमीन प्रकारचा चार्ज अटॅक) असेल तर तो अझुमारिलला पूर्ण बसतो. सामना आपणच जिंकतो असं म्हणणार नाही, पण खेळता येतो, आणि हरलो तरी शील्ड घेऊन हरतो. माझ्या बाजूनं तराजू इथं झुकला. पाच कमजोऱ्या असलेल्या पॉलीरॅथला फेअरीबरोबर फ्लाइंग आणि सायकिक यांचीही भीती असते. वीज आणि गवताला दोघंही भितात, पण पॉलीटोडला भीती तेवढीच. आग-फ्लाइंगचा टॅलनफ्लेम उघडला की पॉलीरॅथवाला बदलायला बघतो, पॉलीटोडवाला वेदर बॉल हा चार्ज अटॅक मोजायला लागतो.

वेदर बॉलबद्दल एक गैरसमज आहे. नाव ऐकून काहींना वाटतं बाहेर पाऊस असला की तो पाण्याचा होतो. तसं नाही. पॉलीटोडचा वेदर बॉल कायम पाण्याचाच, कोयनेला धो-धो पडत असो की जतला रखरख असो. तो ३५ ऊर्जेत मिळतो, म्हणून शील्ड काढून घ्यायला उत्तम. वेदर बॉल दोनदा दाखवायचा आणि शील्ड गेली की अर्थक्वेक. दुसऱ्या जागी अर्थक्वेक घ्यावा की बर्फाचा ब्लिझर्ड हा प्रश्न उरतो. ब्लिझर्डला ७५ ऊर्जा लागते आणि तिथंवर पोचेपर्यंत गवतवाला आपल्याला संपवून मोकळा होतो. अर्थक्वेक ६५ चा आणि विजेवर पुरेपूर बसतो, त्यामुळं कमजोरीपैकी निम्म्यावर उत्तर मिळतं. आइस बीम यापेक्षा बरा, पण त्यासाठी एलिट टीएम जाळू नका. ती रेडच्या एखाद्या लेजेंडरीला जास्त उपयोगी पडेल.

पॉलीरॅथचा एक मुद्दा मात्र मला मान्य करावा लागतो, तो २५०० च्या अल्ट्रा लीगचा. तिन्ही आयव्ही पंधरा असताना ४० लेव्हलला पॉलीरॅथ २५८६ च्या आसपास जातो, पॉलीटोड २४५० च्या आसपास अडतो. म्हणजे पॉलीटोडला पुढं न्यायचं तर एक्सएल कँडी (४० लेव्हलच्या पुढं लागणारी) हवीच, आणि अटॅक कमी असलेला असेल तर बरीच. पॉलीवॅग रोज दिसणाऱ्या कृष्णाकाठच्या माणसाला ते जमेल, कोरड्या भागातल्या माणसाला जड जाईल. अल्ट्रा खेळायचंच ठरलं असेल आणि कँडी मोजक्या असतील तर पॉलीरॅथ करा, मी वाद घालणार नाही. ग्रेट लीगला दोघंही पंचवीस लेव्हलच्या आतच १५०० वर पोचतात, तिथं खर्चाचा फरक नगण्य.

रेडसाठी दोघांपैकी कुणाचाच आग्रह धरू नका. फायटिंगला माचांप किंवा लुकारिओ, पाण्याला कायोगर असताना यांच्यावर स्टारडस्ट घालणं म्हणजे उसाच्या रसात साखर घालणं.

शॅडो (टीम रॉकेट या खलनायक टोळीकडून सोडवलेला) पॉलीवॅग मिळाला असेल तर जरा थांबा. शॅडोचा अटॅक वीस टक्क्यांनी वाढतो आणि त्याला मारही तेवढाच जास्त बसतो. वेदर बॉलच्या वेगामुळं पॉलीटोडला हा व्यवहार परवडतो. टिकून राहण्यावर जगणाऱ्या पॉलीरॅथला कमी परवडतो. पण शॅडोला फ्रस्ट्रेशन हा निरुपयोगी चार्ज अटॅक चिकटलेला असतो, आणि साधी टीएम तो एरवी काढत नाही. टीम रॉकेटचा टेकओव्हर हा इव्हेंट चालू असतो त्या दिवसांतच निघतो. म्हणून आधी फ्रस्ट्रेशन काढा, मग दुसऱ्या अटॅकवर खर्च करा. आणि शॅडोचा ट्रेड होत नाही, तेव्हा त्याचे आयव्ही मिळाले तसेच स्वीकारायचे.

निन्टेंडो स्विचवर मूळ खेळ खेळणाऱ्यांसाठी थोडक्यात: तिथं पॉलीरॅथला वॉटर स्टोन पुरतो, पॉलीटोडला किंग्ज रॉक हातात देऊन ट्रेड करावा लागतो. पण जोडीच्या लढाईत पावसाची टीम बांधायची असेल तर निवड उरतच नाही. स्विफ्ट स्विम ही हिडन अ‍ॅबिलिटी (क्वचित मिळणारा खास गुण) असलेला पॉलीवॅग पॉलीटोड झाला की तीच अ‍ॅबिलिटी ड्रिझल होते आणि मैदानात पाय ठेवल्याबरोबर पाऊस सुरू होतो. अ‍ॅबिलिटी न बघता साध्या पॉलीवॅगचा पॉलीटोड केलात तर पाऊस पडणार नाही, तेव्हा ट्रेडच्या आधी तपासा.

तर गो मध्ये बॅगेत किंग्ज रॉक असेल आणि ग्रेट लीग खेळत असाल, तर मी पॉलीटोड करीन: मड शॉट, वेदर बॉल, अर्थक्वेक. दगड नसेल आणि टीममध्ये अझुमारिलला उत्तर देणारा दुसरा कुणी, म्हणजे चांगला गवतवाला किंवा विजेवाला असेल, तर पॉलीरॅथही वाईट नाही. त्याला मड शॉट, आयसी विंड आणि डायनॅमिक पंच द्या. दोन पॉलीव्हर्ल असतील तर ज्याचा अटॅक आयव्ही कमी त्याला दगडासाठी राखून ठेवा आणि त्याच्यावर ताराखूण करा, नाहीतर बॅग साफ करताना तोच आधी प्रोफेसरकडं, म्हणजे कायमचा, जातो.