भिक्खुणी निवासासाठी दान: स्पितीच्या डोंगरात, जंगलातल्या टेकडीवर की गावच्या विहाराशेजारी?

धान विकून हातात चार पैसे आले की आपल्या महिला मंडळांत हा विषय निघतोच. भंतेजींसाठी विहारात खोली असते, पण आर्याजी (भिक्खुणी) आल्या तर त्यांची सोय कोणाच्या तरी घरी करावी लागते. मग कोणी म्हणतं, हिमालयात भिक्खुणींचे विहार बांधणं चालू आहे, तिकडे दान पाठवू. कोणी म्हणतं, ताडोबाजवळच्या रामदेगीसारख्या निवांत जागी आपणच बांधू. कोणी म्हणतं, गावातल्या विहाराला लागून दोन खोल्या काढू. बांधकामाचा पैसा गावातच लागावा आणि हिमालयात पाठवायचाच असेल तर शिक्षणासाठी पाठवावा, असं माझं ठाम मत आहे.

आधी डोंगरातलं पाहू. हिमाचलमधलं स्पिती आणि लडाखमधलं झांस्कर ही खोरी साडेतीन हजार मीटरच्या आसपास किंवा त्याहून उंच आहेत. बर्फ वितळल्यावर काम सुरू होतं आणि ऑक्टोबरमध्ये थांबतं. माती तिथली, तुळया पॉप्लरच्या, वर विलोच्या काटक्या आणि त्यावर मातीचा थर. पाऊस कमी म्हणून हे सपाट मातीचं छत तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. पण सिमेंट, काच, लोखंड सगळं खालून ट्रकने चढवावं लागतं. अटल बोगदा २०२० मध्ये सुरू झाल्यापासून रोहतांग खिंडीचा अडथळा गेला, तरी मनालीकडून स्पितीत जाताना कुंझुम खिंड लागते आणि ती हिवाळ्यात बंदच असते. म्हणजे रेतीची ट्रॉली सांगितली आणि संध्याकाळी आली, असं तिथे होत नाही. एक हंगाम चुकला की काम वर्षभर लांबतं.

तिथली खरी अडचण मात्र भिंतींची नाही. लडाखमधल्या मोठ्या गोन्पांकडे (भिक्षूंच्या विहारांकडे) जमिनी होत्या, उत्पन्न होतं; भिक्खुणींच्या विहारांकडे जवळपास काहीच नव्हतं. चीवर घेतलेल्या अनेक बाया घरच्यांच्या शेतात राबत आणि उरलेल्या वेळात पाठ करत. हे बदलायला १९८७ च्या सुमाराला तिबेटी भिक्खुणींसाठीचा प्रकल्प सुरू झाला, १९९६ मध्ये लडाखच्या भिक्खुणींनी स्वतःची संघटना काढली. धर्मशाळेजवळचा डोल्मा लिंग हा भिक्खुणींचा विहार उभा राहायला कित्येक वर्षं लागली, भिक्खुणींनी स्वतः बांधकामावर काम केलं आणि २००५ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. पुढे २०१६ मध्ये कर्नाटकातल्या मुंडगोडला २० जणींना गेशेमा ही बौद्ध तत्त्वज्ञानातली सर्वोच्च पदवी मिळाली. त्यामागे सतरा वर्षांचा अभ्यास आणि त्यावर चार वर्षांच्या परीक्षा असतात. आपल्याकडे लगेच विचारतात, “लामांची पूजा-पाठं आपल्याला चालतात काय?” प्रश्न रास्त आहे, बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने तो विचारावाच. पण त्या अभ्यासाचा मोठा भाग तर्कशास्त्र आणि वादविवादाचा आहे. बाई अंगणात उभी राहून टाळी वाजवत प्रतिपक्षाला प्रश्न विचारते, हे शतकानुशतकं फक्त भिक्षूंचं क्षेत्र होतं. बाबासाहेबांच्या लेकींनी याला हातभार लावायलाच हवा, असं मला वाटतं.

म्हणून तिकडे पाठवायचं असेल तर इमारतीच्या फंडात टाकू नका. इमारतीला परदेशातून दाते मिळतात. एका श्रामणेरीचं (शिकाऊ भिक्खुणीचं) वर्षभराचं जेवण, सरपण, पुस्तकं यांना मिळणं अवघड. पैसे भारतात नोंदलेल्या संस्थेच्या देशी खात्यातच भरा. परदेशी देणगीसाठीच्या खात्यात आपले रुपये कायद्याने टाकता येत नाहीत. पावती मागा.

जंगलातल्या टेकडीबद्दल थोडक्यात सांगते, कारण मला तो पर्याय मुळात पटत नाही. रामदेगीच्या संघारामगिरीबद्दल आदर आहे, जानेवारीअखेरच्या समारंभाला हजारो लोक जातात. पण वनजमिनीवर बांधायचं तर १९८० च्या वन संरक्षण कायद्याप्रमाणे केंद्राची परवानगी लागते. ताडोबाच्या आजूबाजूला वाघ आहे. आणि विनयातच (संघाच्या नियमांच्या ग्रंथातच), त्याच्या चुल्लवग्ग या भागात, भिक्खुणींनी अरण्यात राहू नये असं सांगितलं आहे. तो नियम अरण्यात राहणाऱ्या भिक्खुणींवर झालेल्या अत्याचारानंतर आला. ज्या गोष्टीने अडीच हजार वर्षांपूर्वी बायांचं रक्षण केलं, ती निसर्गरम्य जागेसाठी मोडू नये. हिमालयातले विहार दूर दिसतात, पण बहुतेक गावाच्या नजरेच्या टप्प्यातच आहेत.

आता गाव. इथे माल स्वस्त, मिस्त्री ओळखीचे, आणि मुख्य म्हणजे भोजनदान. पन्नास घरांनी पाळी लावली तर एका घराची पाळी पन्नास दिवसांनी येते. स्पितीच्या विरळ वस्तीत हे जमणं कठीण. मात्र आपली अडचण वेगळी आहे: जमीन.

दान दिलेली जागा कोणा एकाच्या नावावर राहिली की ते माणूस गेल्यावर वारस उभे राहतात. शेतजमीन घ्यायची तर विदर्भासाठीच्या १९५८ च्या कूळ कायद्याप्रमाणे बिगरशेतकऱ्याला, म्हणजे ट्रस्टलाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, शिवाय अकृषक करण्याचा खर्च. गावठाणातला प्लॉट लहान असला तरी बरा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली ट्रस्ट नोंदवा, नोंदणीकृत दानपत्राने जागा ट्रस्टच्या नावावर करा. मग धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय ती कोणी विकू शकत नाही. ट्रस्टींत निम्म्या तरी बाया ठेवा, आणि राहणाऱ्या आर्याजींपैकी एकीला बैठकीत बसवा.

दात्यांना ‘ऐंशी जी’ म्हणून ओळखली जाणारी आयकराची सवलत हवी असते. निव्वळ धार्मिक संस्थेला ती मिळत नाही. मुलींची अभ्यासिका, शिवणवर्ग असं काही सर्वांसाठी खुलं खरोखर चालवणार असाल तरच अर्ज करा. दोन हजारांवरची रोख देणगी त्या सवलतीत धरत नाहीत. परदेशी पैशाचा विचार नव्या ट्रस्टने सोडून द्यावा: तीन वर्षांचं काम आणि तेवढ्या काळात पंधरा लाखांचा खर्च दाखवल्याशिवाय परदेशी देणगी घेण्याची नोंदणी मिळत नाही.

बांधताना नुसता स्लॅब टाकू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि पावसाळ्यात तोच स्लॅब गळतो. जाड भिंती, वर कवेलू, पुढे सोपा (ओसरी), संडास-बाथरूम आतून लागून, कुंपणाला पक्कं फाटक.

एक बोलणं मात्र पाया खणण्याआधी व्हायला हवं. थेरवाद परंपरेत (श्रीलंका, म्यानमार, थायलंडमधल्या पाली परंपरेत) भिक्खुणी उपसंपदा, म्हणजे पूर्ण दीक्षा, १९९६ मध्ये सारनाथला आणि १९९८ मध्ये बोधगयेला पुन्हा सुरू झाली, पण सगळे भंतेजी ती मानत नाहीत. शिवाय जिथे भिक्षू नाहीत तिथे भिक्खुणीने वर्षावास (पावसाळ्यातला तीन महिन्यांचा एका जागचा मुक्काम) करू नये, असा विनयाचा नियम आहे. तेव्हा जवळच्या विहारातल्या भंतेजींना सरळ विचारा: तुम्ही आर्याजींना संघाचा भाग मानता का, त्यांना धम्मदेसना करू द्याल का? उत्तर टाळाटाळीचं आलं तर पैसे बँकेत राहू द्या आणि त्याच्या व्याजावर एका मुलीचं धर्मशाळेतलं किंवा लडाखमधलं शिक्षण चालवा.

होकार आला तर वेळापत्रक असं धरा. कागदपत्रं पावसाळ्यात, वर्षावास चालू असतानाच करून घ्या. धान कापून झाल्यावर मजूर मोकळे होतात, तेव्हा पाया. छत मे संपण्याआधी. पुढच्या आषाढ पौर्णिमेला आर्याजी तिथे वर्षावासाला बसू शकतील.