चौकटी 'सांभाळून देतो' म्हणणाऱ्यापासून सावध राहा

पुण्याच्या आसपास मेलिफेरा जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या ठेवणाऱ्यांकडे सध्या एक गृहस्थ फिरतोय. मध काढून झाला की रिकाम्या पोळ्यांच्या लाकडी चौकटी न्यायच्या, 'गंधकाची धुरी देऊन हिवाळाभर सीलबंद ठेवतो' म्हणायचं आणि चौकटीमागे भाडं आगाऊ घ्यायचं. धायरीतल्या आम्ही तिघांनी त्याच्याकडे चौकटी दिल्या. नाव लिहीत नाही, पद्धत लिहितो. तिच्यावरून माणूस ओळखता येईल.

त्याचं बोलणं ऐकताना पटतं. म्हणे, पुण्याच्या थंडीत मेणकिडा (पोळी पोखरणारी पतंगाची अळी) डोकं वर काढत नाही, त्यात आमची एकदा धुरी झाली की बघायलाच नको. खरं तर थंडीने हा किडा मरतो तो बर्फाच्या मुलखात. आपल्याकडे पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी तीसच्या आसपास. तेवढ्याने तो मंदावतो, बस. आणि गंधकाच्या धुराने अळ्या आणि पतंग मरतात, अंडी शाबूत राहतात. ती फुटल्यावर धुरी पुन्हा द्यावीच लागते.

फेब्रुवारी सरताना चौकटी काळ्या प्लास्टिकमध्ये, चहूबाजूंनी टेप मारून परत आल्या. सोबत सूचना: "काका, पंधरा दिवस उघडू नका. औषध मुरू दे." खरी मेख हीच. उन्हं तापायला लागली की अंडी आठवड्याभरात फुटतात. पंधरा दिवसांनी आत जाळी दिसली की तो हात वर करायला मोकळा: तुमच्याच घरी लागली, आम्ही तर सीलबंद दिलं होतं! शेजारच्या वहिनींनी मात्र टेम्पो दारात असतानाच कात्री चालवली.

आतून डांबरगोळ्यांचा भपकारा आला. गंधकाचं नावही नाही. पोळ्यांतून आरपार बोगदे, जाळीत अडकलेली काळी लेंडी, आणि कोश करायला अळ्यांनी लाकडातसुद्धा पोखरलेल्या खाचा. डांबरगोळीचा वास मेणात मुरतो आणि तिथून मधात उतरतो, म्हणजे किडीतून वाचलेली पोळीही मधासाठी बादच.

त्यात या चौकटी आमच्या नव्हत्याच! आम्ही दिल्या होत्या मधकोठीतल्या (पेटीत माश्या मध साठवतात तो कप्पा), पांढुरक्या पोळ्यांच्या, पोळ्याला आधार म्हणून चार तारा ओढलेल्या. आल्या त्या काळपट, शिशुकोठीतून (पिल्लं वाढतात त्या कप्प्यातून) बाद झालेल्या, कित्येकींना दोनच तारा. अळीला निव्वळ मेण फारसं मानवत नाही; पिल्लांच्या कोशांची सालं आणि परागकण जिथे असतील तिथे ती फोफावते. म्हणून पांढऱ्या पोळ्याला तिचा धोका कमी. त्याचं मोल मात्र मोठं, कारण किलोभर मेण करायला माश्या सहा ते आठ किलो मध खर्ची घालतात असं धरतात. म्हणजे तयार पोळं विकलं की पैसा, आणि वर आमच्याकडून भाडं.

जाब विचारला तर म्हणतो, "चौकट म्हणजे चौकट, काका. लाकूड मोजून घ्या, एकही कमी नाही." हे ऐकून मला राग यायच्या आधी हसूच आलं.

पैसे यूपीआयने दिले होते, म्हणून निदान नोंद आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार केली आहे. कोणाला अजूनही चौकटी बाहेर ठेवायला द्यायच्या असतील तर वरच्या पट्टीवर तापल्या सळईने खूण डागा, पोळ्यांच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि परत घेताना पाकीट त्याच्यादेखत फोडा. घरी डीप फ्रीझर असेल तर चौकटी बाहेर द्यायची गरजच नाही. उणे पंधरा अंशाला चौकट आतपर्यंत गार झाली की दोन तासांत अंड्यांसकट सगळं मरतं. रात्रभर ठेवली तर उत्तमच. मग दव सुकवून घट्ट बंद करायची. जागा नसेल तर उजेडात, वारा खेळेल अशा ठिकाणी अंतर सोडून टांगा. या किड्याला दोन्ही सोसत नाहीत. शंका असेल तर गणेशखिंड रस्त्यावरच्या केंद्रीय मधुमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्थेत विचारा.

परवा कळलं, आता तो नऱ्हे-आंबेगावकडे 'शीतगृहात ठेवतो' असं सांगतोय. कोणतं शीतगृह, ते विचारा आणि तिथली पावती मागा.